इम्पीरियलमध्ये चार दिवस

गुरुवार, २ मे २०२४

लंडनमधलं लवादाचं काम बुधवारी संपलं आणि आज सकाळी पॅडिंग्टनहून एक्झेटरची गाडी पकडली. धाकट्या बहिणीची मुलगी तिथे एमए करते. सप्टेंबरपासून ती एकच सांगत होती, "मावशी, तू कॅथीड्रल बघ, नदी बघ, काय हवं ते बघ. पण तुला खरं आवडेल ते इम्पीरियल." म्हणजे विद्यापीठाजवळचा एक पब. जुन्या हॉटेलच्या इमारतीत आहे म्हणाली.

ही गोष्ट मी फोनवर आईला सांगितली तेव्हा तिनं विचारलं, "हॉटेलचा पब केला? मग आधी काय मिळायचं तिथे?" प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे हॉटेल म्हणजे मिसळ, वडा-सांबार, दोन कटिंग. जिथे राहायचं ते लॉज. शब्द तोच, पण मराठीत येताना त्यानं बिऱ्हाड बदललं. त्याचा धागा या गावात फार मागे जातो, हे मला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

दोन तासांहून थोडा जास्त प्रवास. रेडिंग गेलं, टॉन्टन गेलं, मध्ये मोहरीसारखी पिवळीधमक शेतं. एक्झेटर सेंट डेव्हिड्स स्टेशनवर भाची उभी होती. "दमली नसशील तर सरळ तिकडेच जाऊ. बॅग मी घेते." स्टेशनाबाहेर पडून चढ चढायला लागलो. न्यू नॉर्थ रोडला लागून मोठं आवार, जुनी झाडं, उतरती हिरवळ आणि वर पसरलेली ऐसपैस इमारत. हा परिसर सहा एकरांचा आहे. १८०१ साली एका श्रीमंताचं खासगी घर म्हणून बांधलेली ही वास्तू १९२३ मध्ये इम्पीरियल हॉटेल झाली आणि १९९६ पासून ती वेदरस्पून या साखळीतला एक पब आहे. मुक्कामाच्या खोल्या आता नाहीत. हिरवळीवर लाकडी बाकं टाकलेली, त्यांवर पुस्तकं उघडून बसलेली मुलं, शेजारी ग्लास. परीक्षांचे दिवस होते.

आत शिरल्यावर पहिली जाणीव झाली ती आवाजाची. गाणं नव्हतं. लंडनमध्ये ज्या दोन पबांत सहकाऱ्यांबरोबर गेले तिथे ओरडून बोलावं लागलं होतं. इथे फक्त माणसांच्या बोलण्याचा आवाज, जेवणाच्या वेळी पंगतीत असतो तसा. भाची म्हणाली की या साखळीची ही जुनी पद्धतच आहे, बहुतेक पबांत संगीत लावतच नाहीत. वकिलाचा अर्धा जन्म गोंगाटात ऐकण्यात जातो. मला जागा तिथेच आवडली.

एकातून दुसऱ्या खोलीत जात जात ती मला मागच्या काचघरात घेऊन गेली. ऑरेंजरी म्हणतात त्याला. थंडीत संत्र्याची झाडं जगावीत म्हणून श्रीमंत घरं असं काचेचं दालन बांधत. लोखंडी कमानी, त्यांवर काच, आणि टोकाला पंख्यासारखी उलगडलेली भलीमोठी खिडकी. ब्रुनेल या प्रसिद्ध अभियंत्याचं नाव लोक या काचघराशी जोडतात. ते खरं असो वा नसो, मी मान वर करून त्या कमानींकडे बघत राहिले, कारण मला दुसरंच लोखंड आठवलं.

१९९४ साली मी सनद घेतली तेव्हा माझ्या सीनियरांची खोली काळा घोड्याला, एस्प्लनेड मॅन्शनमध्ये होती. बाहेरचे लोक तिला अजून वॉटसन्स हॉटेल म्हणतात. १८६० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिलेली ही इमारत म्हणजे अख्खा ओतीव लोखंडाचा सांगाडा. त्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतले, जहाजानं मुंबईला आणले आणि इथे जोडले. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छताच्या कामातही त्यांचा हात होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला गेला तो इथेच, तिकीट एक रुपया. पण मी गेले तेव्हा यातलं काही दिसत नव्हतं. लाकडी फळ्यांनी पाडलेल्या खुराड्यांसारख्या खोल्या, लटकणाऱ्या वायरी, टाइपरायटरांची टकटक, जिन्यावर पानाच्या पिचकाऱ्या. भिंतीआड गेलेल्या लोखंडी खांबाला टेकून मी वकालतनामे लिहीत असे. उन्हाळ्यात तो खांब सकाळी थोडा वेळ गार लागायचा.

"मावशी, जेवायचं ना?" गुरुवार म्हणजे इथे करीचा दिवस. भाचीनं फोनवरच्या ॲपमध्ये टेबलाचा नंबर घातला, पदार्थ निवडले, पैसे भरले, आणि थोड्या वेळात एक मुलगा ताटं घेऊन आला. भात, नान, पापड, आंब्याची गोड चटणी आणि चिकन टिक्का मसाला. त्याच किमतीत एक पेयही. आपल्या घरच्या रश्शाशी त्याचं नातं लांबचं आहे, पण गरम होतं आणि सगळ्यांच्या खिशाला परवडणारं होतं. शेजारच्या टेबलावर कारखान्यातून सुटून आलेले दोघं, त्यांच्या पलीकडे प्राध्यापकासारखे दिसणारे एक गृहस्थ, मागे चार मुली एकाच ताटातले पापड वाटून घेत होत्या. सगळ्यांसमोर तीच करी.

जेवताना कळलं की भाची सकाळी मतदान करून आली होती. आज इथे नगर परिषदेची निवडणूक. राष्ट्रकुल देशाचा नागरिक कायदेशीर वास्तव्य करत असेल तर ब्रिटनमध्ये तो मत देऊ शकतो, हे मला कायद्याच्या पुस्तकातून माहीत होतं, पण आमच्या घरातल्या मुलीनं आपला भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून दाखवून मत दिलं हे ऐकताना अंगावर रोमांच आले. मुंबईत मतदान २० मेला. मला त्याआधी परतायचं होतंच.

शुक्रवार, ३ मे

सकाळी कॅथीड्रल. आतल्या छताची दगडी कमान सलग सुमारे ९६ मीटर धावते. अखंड मध्ययुगीन कमानछतांत जगात हिच्याएवढी लांब दुसरी नाही. खाली उभं राहून वर बघितलं की खजुराच्या पानांच्या शिरा एकमेकांत मिसळाव्यात तशा दगडी फांद्या दिसतात. उत्तरेकडच्या भिंतीवर जुनं खगोलीय घड्याळ आहे, आणि त्याच्याखालच्या दाराला एक गोल भोक. ते मांजरीसाठी पाडलेलं. घड्याळाच्या दोरांना चरबी लावत, तिच्या वासानं उंदीर येत, म्हणून चर्चच्या पगारपत्रकावर मांजर. पंधराव्या शतकापर्यंतच्या हिशेबांत तिच्या नावे तिमाहीला १३ पेनी दाखवलेल्या आहेत. मी बराच वेळ त्या भोकासमोर उभी होते. कोणाला कुठल्या दारानं आत घ्यायचं, याचा विचार किती बारकाईनं केला जातो.

बाहेरच्या चौकात, कॅथीड्रलच्या अगदी समोर, मचाणं बांधलेली होती. हे रॉयल क्लॅरन्स. १७६९ मध्ये इमारत झाली आणि १७७० साली तिच्या फ्रेंच चालकानं जाहिरातीत ‘हॉटेल’ हा फ्रेंच शब्द वापरला. इंग्लंडमध्ये एखाद्या मुक्कामाच्या जागेला हॉटेल म्हणण्याची ती पहिली वेळ असं मानतात. म्हणजे आईच्या प्रश्नातला शब्द इंग्रजीत रुळायला लागला तो बहुधा या फुटपाथवरून. इथून निघून तो जहाजावर चढला, मुंबईत वॉटसनच्या पाटीवर बसला, तिथून खाली उतरून इराण्याकडे, उडप्याकडे, मग एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर गेला.

आणि ही इमारत २८ ऑक्टोबर २०१६ ला जळाली. आग शेजारच्या वास्तूत लागली आणि इकडे पसरली. भाचीच्या घरमालकीणबाई तेव्हा इथे आल्या होत्या, आख्खं गाव आलं होतं म्हणे, दोऱ्या बांधल्या होत्या त्यांच्या अलीकडे उभं राहून लोक रडत होते. नंतर वर्षानुवर्षं पडकी भिंत तशीच होती. आता आत काम चालू आहे. हातोड्याचे आवाज येत होते. सिमेंटची धूळ आणि ओल्या दगडाचा वास आला आणि मी पुढे चालायला लागले.

याच गावानं त्याहून मोठी आग पाहिली आहे. १९४२ साली, ३ मेची रात्र उलटून ४ मे उजाडत असताना जर्मन विमानांनी एक्झेटरच्या मध्यवस्तीवर बाँब टाकले. ल्युबेक या जुन्या जर्मन शहरावर ब्रिटिशांनी केलेल्या हल्ल्याचा सूड म्हणून इंग्लंडची प्रेक्षणीय शहरं निवडली होती. त्या हल्ल्यांना प्रवाशांच्या एका प्रसिद्ध मार्गदर्शिकेवरून बेडेकर नाव पडलं. कॅथीड्रलची एक बाजू गेली, हाय स्ट्रीटचा मोठा भाग बेचिराख झाला. म्हणून आज हाय स्ट्रीटवर चालताना पन्नाशीच्या दशकातल्या विटांच्या सपाट इमारती दिसतात आणि मध्येच दगडी खांबांवर पुढे आलेला गिल्डहॉल. बरोबर ८२ वर्षांपूर्वीची ती रात्र. संध्याकाळी मी भाचीला तारीख सांगितली तेव्हा ती गप्प झाली.

रात्री ती मला साउथ स्ट्रीटवरच्या जॉर्जेस मीटिंग हाउसमध्ये घेऊन गेली. हाही वेदरस्पूनच, पण इथे आधी प्रार्थनागृह होतं, १७६० चं. तिसरा जॉर्ज गादीवर आला त्या वर्षाचं, म्हणून त्याचं नाव. वरचे सज्जे तसेच आहेत आणि प्रवचनाचा उंच लाकडी मंचही. त्याच्या खाली लोक जेवत होते. मला हे थोडं बोचलं, खोटं कशाला सांगू. देवाच्या जागी दारू आपल्या मनाला पटत नाही. पण भाचीनं विचारलं, "रिकामं ठेवून छप्पर गळू दिलं असतं तर चाललं असतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शनिवार, ४ मे

सकाळी गाडीनं डॉलिशला जाऊन आलो. रूळ एक्स नदीच्या खाडीच्या कडेनं जातात, स्टारक्रॉसला लाल दगडाचं जुनं इंजिनघर दिसतं. वाफेच्या इंजिनाऐवजी नळातल्या हवेच्या दाबावर गाडी ओढण्याचा ब्रुनेलचा प्रयोग होता, १८४८ मध्ये तो वर्षभरात गुंडाळावा लागला, हे घर त्याचं. डॉलिशला लाटा रुळांच्या भिंतीवर आपटत होत्या. २०१४ च्या वादळात इथली भिंत वाहून गेली आणि रूळ हवेत लोंबकळले होते. वारा बोचरा होता, तासाभरात परत फिरलो.

दुपारी पुन्हा इम्पीरियल. भाची ग्रंथालयात गेली आणि मी एकटीच काचघरात बसले. सायडरचा अर्धा पाइंट घेतला. सफरचंदाची ही दारू या भागाची ओळख, आंबटगोड, उन्हाळ्यातल्या कोकमासारखी जिभेला जाग आणणारी. ग्लास ठेवायला जागा करताना शेजारच्या आजी म्हणाल्या, "ठेव की इथे, माय लवर." मी चमकले. मग आठवलं, भाचीनं बजावून ठेवलं होतं की डेव्हनमध्ये, म्हणजे एक्झेटरच्या परगण्यात, म्हातारी माणसं कोणालाही असं म्हणतात, दुकानदार गिऱ्हाइकाला, बसचा चालक उतारूला. आपलं ‘बाळा’ जसं.

आजींसमोर चहाचा कप होता. मी काचेकडे बघतेय हे पाहून त्यांनी सांगितलं की त्या इथे कामाला होत्या. १९६३ साल, वय सतरा. खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, सकाळी कोळशाच्या राखेच्या बादल्या खाली न्यायच्या. येण्याजाण्याचं दार मागचं, जिना मागचा. पाहुण्यांसमोरून जावं लागलं तर भिंतीला लागून चालायचं. या काचघरात दुपारी पाहुणे चहा घेत, त्यांच्यासाठी केक आणि कपबश्यांचा ट्रे घेऊन त्या दारापर्यंत यायच्या. उंबऱ्याशी वेटर तो हातातून घ्यायचा. तीन वर्षांत त्या या खोलीत पाहुण्यांसमक्ष एकदाही आल्या नव्हत्या.

"मग पब झाल्यावर?"

"उघडल्यानंतर वर्षभर यायचं धाडस झालं नाही. मग बहिणीला घेऊन आले. या इथेच बसले, या कमानीखाली. चहा मागवला. सारखं वाटत होतं कोणीतरी येऊन उठवेल." त्यांनी कप बशीत ठेवला. "कोणी आलं नाही. मग दुसरा कप घेतला."

त्यानंतर त्या जवळजवळ दर आठवड्याला येतात. जिन्याच्या कठड्याला पूर्वी रोज मेण लावावं लागे ते कुठल्या टोकापर्यंत, पाहुण्यांची घंटा कुठल्या भिंतीवर वाजायची, हे त्यांनी मला उठून दाखवलं. घंटांच्या जागी आता गावाच्या जुन्या छायाचित्रांच्या चौकटी आहेत. जवळजवळ प्रत्येक वेदरस्पूनमध्ये असा इतिहास भिंतीवर मांडलेला असतो, आणि पायाखालचा गालिचाही त्या त्या पबसाठी वेगळा विणून घेतलेला असतो. आजींना गालिचा आवडत नाही. त्यांच्या मते जुना लाल होता तो बरा होता. तो झाडणं मात्र कठीण.

मीही त्यांना वॉटसनबद्दल सांगितलं. ते हॉटेल फक्त युरोपियनांसाठी होतं. आमच्या माणसांना पाहुणा म्हणून प्रवेश नव्हता. जमशेदजी टाटांना तिथे अडवलं म्हणून त्यांनी ताज बांधलं, अशी गोष्ट मुंबईत सगळे सांगतात. इतिहासकार ती मान्य करत नाहीत, पण ती टिकली याचं कारण तो दरवाजा लोकांच्या लक्षात राहिला होता. मग हॉटेल बंद पडलं, इमारतीच्या खोल्या झाल्या, कोर्ट जवळ म्हणून वकील आले, आणि १९९४ मध्ये डोंबिवलीहून लोकलनं येणारी माझ्यासारखी मुलगी त्याच जिन्यानं वर जाऊन खांबाला टेकून बसली. मधल्या चौकावर कधीकाळी काचेचं छत होतं, खाली नाच चालायचे. आमच्या वेळी त्या चौकात झेरॉक्सची यंत्रं होती.

म्हणजे दरवाजा दोन्हीकडे उघडला. फरक पुढचा. आमचं भाडं गोठलेलं होतं. १९४७ च्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्याच्या नावातच ‘हॉटेल आणि लॉजिंग हाउस’ हे शब्द आहेत, आणि त्या कायद्यानं माझ्या सीनियरांसारख्या कितीतरी लोकांना शहरात पाय रोवायला जागा दिली. त्या भाड्यात मालकानं लोखंड रंगवायचं कशातून आणि भाडेकरूनं दुसऱ्याच्या इमारतीवर खर्च का करायचा, हा प्रश्न मात्र कोणीच सोडवला नाही. मी स्वतः याच कायद्याखालचे दावे दोन्ही बाजूंनी चालवले आहेत, दोन्ही बाजू खऱ्या होत्या. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एका माणसाचा जीव गेला. जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या २००६ च्या यादीत तिचं नाव होतं. १९९५ च्या वारसा नियमावलीत ती दुसऱ्या श्रेणीत, टू-ए मध्ये. पण श्रेणीनं पाऊस थांबत नाही. २०१९ मध्ये ती रिकामी करायला लावली. आमच्या खोलीची पाटी माझ्याबरोबर जूनियर असलेल्या सहकाऱ्यानं शेवटच्या दिवशी काढून नेली, एवढं मला माहीत होतं.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि आता तिथे कोण बसतं?"

"कोणी नाही."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघी थोडा वेळ काचेवरचा पाऊस बघत बसलो.

संध्याकाळी भाची आली तेव्हा आमचं कडाक्याचं भांडण झालं, प्रेमाचंच. मी म्हटलं, इमारत जगवायची तर ही पद्धत मला पटते. सहा एकर आणि इतकी काच सांभाळायला रोज पैसा लागतो, तो शेकडो लोकांनी दिलेल्या स्वस्त चहा-बिअरमधून येतो. ही साखळी मुद्दाम अशाच जागा शोधते. बंद पडलेले सिनेमे, बँका, पोस्टं, प्रार्थनागृहं. मोठ्या असतात, मोक्याच्या असतात, आणि दुसऱ्या कोणाला त्यांचं काय करावं हे सुचत नाही. कमी नफा आणि खूप गिऱ्हाईक, असा हिशेब. १९७९ मध्ये उत्तर लंडनमधल्या मझवेल हिलला एका पबपासून सुरुवात करणारे टिम मार्टिन कायदा शिकलेले आहेत, बॅरिस्टर झाले, पण वकिली केलीच नाही. वेदरस्पून हे आडनाव त्यांच्या न्यूझीलंडमधल्या एका शिक्षकाचं, ज्यांना वर्ग आवरता येत नसे. आज असे सुमारे ८०० पब आहेत.

भाची म्हणाली, "आणि त्यांच्या स्वस्ताईपुढे कोपऱ्यावरचा छोटा पब टिकत नाही, त्याचं काय? तिथेही आजी-आजोबा बसायचेच. शिवाय ब्रेक्झिटच्या वेळी यांनी ग्लासाखालच्या चकत्यांवर प्रचार छापला होता. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या मुलीनं ते विसरायचं?" तिचं म्हणणं मी खोडून काढू शकले नाही. कंपनीनं गेल्या काही वर्षांत आपले बरेच पब विकलेही आहेत, म्हणजे उद्या हिशेब जमला नाही तर इथेही कुलूप लागू शकतं. इमारत एकाच गल्ल्यावर अवलंबून असणं धोक्याचं, हे मलाही कळतं. तरी मला कोणी विचारलं की काळा घोड्याच्या त्या इमारतीत उद्या काय व्हावं, संग्रहालय, पंचतारांकित हॉटेल की स्वस्त खाणावळ, तर मी क्षणाचाही विचार न करता खाणावळ म्हणेन. वर वकिलांच्या खोल्या, खाली थाळी, दुपारी हायकोर्टातले कारकून आणि कॉलेजची पोरं एका टेबलावर, आणि गल्ल्यातला ठरावीक वाटा दरवर्षी लोखंडाच्या रंगाला. भाची म्हणाली, "हे मात्र लिही."

रविवार, ५ मे

गाडी दुपारची. सकाळी नाश्त्याला शेवटचं इम्पीरियल. अंडी, बीन्स, मश्रूम, भाजलेला टोमॅटो, टोस्ट. कॉफीचा कप एकदा घेतला की यंत्रावर हवा तितक्या वेळा भरून घ्यायचा. रविवारी सकाळी वेगळीच माणसं. रात्रपाळी संपवून आलेल्या दोन परिचारिका, लहान मुलाला मांडीवर घेऊन भरवणारा बाप, वर्तमानपत्र पसरून बसलेले एकटे म्हातारे. कोणी घाईत नव्हतं. कोणाला उठवायलाही कोणी येत नव्हतं.

काचघरात ऊन आलं होतं. पाऊस थांबल्यावर काचेतून येणारं ऊन लोखंडी कमानींच्या सावल्या गालिच्यावर टाकतं, आणि सूर्य सरकतो तशा त्या टेबलांवर चढतात. मी एका खांबाला हात लावून बघितला. गार होता. रंग अलीकडचा, जाड, अनेक थरांचा. नखानं टोकरून बघावंसं वाटलं, पण नाही बघितलं.

नऊच्या सुमाराला कालच्या आजी आल्या. आम्ही नकळत त्यांच्याच टेबलावर बसलो होतो. उठायला लागलो तर म्हणाल्या, बसा, तीन खुर्च्या आहेत. भाचीनं त्यांचा चहा ॲपवरून मागवला. टेबलाचा नंबर टाकला की वेटर थेट खुर्चीपर्यंत येतो, ही युक्ती त्यांना फार आवडते, स्वतःचा फोन मात्र जुना बटणांचा. चहा आणणारा मुलगा विशीतला होता. त्यानं कप समोर ठेवला, कान त्यांच्या हाताच्या बाजूला वळवून.

स्टेशनवर भाचीनं एक गंमत दाखवली. इथून लंडनला जाणाऱ्या दोन गाड्या एकमेकींकडे पाठ करून निघतात, पॅडिंग्टनची उत्तरेकडे आणि वॉटर्लूची दक्षिणेकडे. माझी उत्तरेची होती. ती रडली, मीही. सप्टेंबरमध्ये ती परत येईल.

गाडी सुटल्यावर मी त्या जुन्या सहकाऱ्याला फोनवर मेसेज केला. एस्प्लनेडची पाटी अजून आहे का, असेल तर तिचा फोटो पाठव. रविवार दुपार, मुंबईत संध्याकाळ झालेली. रेडिंगच्या अलीकडे उत्तर आलं. पाटी बोरिवलीला त्याच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर आहे. फोटोत सरांचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात आमची दोघांची. खाली त्यानं लिहिलं होतं, "खिळेपण ठेवलेत. चारही."